दोन ओरांडांसाठी टाकी केवढी? सोलापुरात आधी ड्रम मोजा

दुकानात काचेच्या टाक्या बघायला जाण्याआधी घरात पाणी कशात आणि किती साठतं ते बघा. ज्या भागात तीन-चार दिवसांआड नळ येतो, तिथे गोल्डफिशचं गणित साठवणीपासूनच सुरू होतं. पूर्ण वाढलेल्या दोन फॅन्सी, म्हणजे ओरांडासारख्या गोलमटोल अंगाच्या गोल्डफिशसाठी आठवड्याला साधारण ७० लिटर पाणी बदलायचं धरा. उन्हाळ्यात वाफ होऊन रोज दोन-चार लिटर उडतं, तीही भर घालावी लागते. शिवाय कधी अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात उतरणारं विष) वाढला तर ऐनवेळी आणखी ७० लिटर हाताशी हवेत. म्हणजे २०० लिटरचा एक ड्रम फक्त माशांच्या नावाने राखून ठेवायचा. त्यात धुण्याची बादली किंवा साबणाचा मग बुडवायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

टाकी मोठी घेतली की पाणीही जास्त लागणार, या भीतीने बरेच जण दोन फुटी टाकीवर येऊन थांबतात. हा हिशेब चुकीचा आहे. घाण मासे करतात, टाकी करत नाही. दोन माशांचं खाणं तेवढंच असेल तर आठवड्याला काढायच्या पाण्याचे लिटरही तेवढेच. फरक पडतो तो धक्क्यात. १७० लिटरच्या टाकीतून ७० लिटर काढले तर ते ४० टक्के होतात. ९६ लिटरच्या टाकीतून तेवढेच काढले तर जवळजवळ पाऊण टाकी रिकामी होते, आणि पाण्याचं तापमान, क्षार सगळं एकदम बदलल्याने मासे गळपटतात. नळ दोन दिवस लांबला तरी तसंच: लहान टाकीत अमोनिया पावणेदोन पट वेगाने चढतो. पाण्याची टंचाई असलेल्या गावात म्हणूनच मोठी टाकी घ्यायची आणि मासे कमी ठेवायचे.

आता मापं. टाक्या फुटांत विकल्या जातात, तेव्हा टेप घेऊन जा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत मोजून गुणाकार करा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. उंची मोजताना वरचे दोन इंच सोडा, तिथे पाणी नसतं. पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० हा चालणारा हिशेब आहे. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत प्रत्यक्ष ४७ लिटर बसतात, म्हणजे एकाचीही सोय नाही. अडीच फूट लांब आणि सव्वा फूट रुंद-उंच टाकीत ९६ लिटर, म्हणजे एकच मासा, दुकानदार काहीही म्हणो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत १७० लिटर बसतात. हिशेबाने तीन मासे चालतील, पण इथल्या उन्हाळ्यासाठी दोनच ठेवा. बाउलचा विचारही नको: तोंड अरुंद म्हणजे हवेला भिडणारं पाणी कमी, आणि प्राणवायू तिथूनच विरघळतो.

रुंदीवर तडजोड करू नका. ओरांडा, रांचू, र्युकिन सहा ते आठ इंचांपर्यंत वाढतात, आणि फूटभर रुंदीत असा मासा वळताना शेपटी काचेला घासतो. उंची मात्र वाढवून उपयोग नाही. गोलमटोल अंगाच्या माशांना वर-खाली करणं जड जातं.

वजनाकडे मग वळा. १७० किलो पाणी, ८ मिलिमीटर काचेचे तीसेक किलो आणि वर स्टँड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर हे ठेवू नका. स्लॅबच्या घरात भिंतीलगत, बीमजवळ ठेवा. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते, म्हणून गवंड्याची लेव्हल लावून स्टँडचे पाय सारखे करा. टाकीखाली प्लाय आणि त्यावर अर्धा इंच थर्मोकोल हवाच. एका कोपऱ्यावर भार आला की काच तळातून तडकते. नवीन टाकी आधी अंगणात दोन दिवस काठोकाठ भरून गळते का ते पाहा. टॉवेल जवळ ठेवा, सोलापुरात त्याची वाण नाही.

पश्चिमेची भिंत आणि खिडकी टाळा. गोल्डफिशला १८ ते २४ अंश सेल्सियस मानवतं, आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. २० अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. त्यात तोच अमोनिया गरम पाण्यात जास्त विषारी होतो. पाण्यावरून वारा जाईल असा लहान पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, आणि आपली कोरडी हवा इथे कामाला येते. बर्फ टाकू नका, तापमान झटक्याने खालीवर होतं. वाफेने उडालेलं पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे; क्षार मागे राहतात आणि साचत जातात. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट घालू नका, पहाटे काढून ड्रममध्ये ठेवा. ड्रम आणि टाकीत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ड्रममध्येच मारा: अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात, वर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड). बोअरचं जड पाणी गोल्डफिशला चालतं. आज नळाचं, पुढच्या खेपेला टँकरचं अशी धरसोड बाधते.

फिल्टर तासाला ८०० ते १००० लिटर फिरवणारा घ्या, पण त्याचा झोत काचेवर वळवा. बबल आय आणि ब्लॅक मूर हे फॅन्सी प्रकार जोराच्या प्रवाहात थकतात. सोबत एक स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवा, वीज गेली की तोच प्राणवायू देतो. स्पंज नळाखाली नव्हे, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा, नळाच्या क्लोरीनने त्यातले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात. वाटाण्याएवढी खडी घालू नका, घशात अडकते. तळ उघडा ठेवा किंवा बारीक वाळू पसरा.

शेवटची गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि हीच लोक वगळतात. मासे आणण्याआधी हे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला हवेत, म्हणून मासे नसताना फिल्टर चार ते सहा आठवडे चालवा, त्यांच्यासाठी रोज चिमूटभर खाद्य टाका आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहा. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, नंतर दोन्ही शून्यावर येतात आणि फक्त नायट्रेट उरतं. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ घटतो. दोन्ही शून्य दिसल्यावरच पहिला मासा आणा, तोही मे महिन्यात नको. पिशवी वीस मिनिटं तरंगवा, मासा जाळीने उचला, पिशवीतलं पाणी फेकून द्या. दुसरा मासा तीन आठवड्यांनी. नळ लांबला त्या आठवड्यात खाद्य निम्मं करा. गोल्डफिश तीन-चार दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही.