कमी उंचीच्या चालकासाठी मोटरसायकलची उंची कशी कमी करावी

मोटरसायकल उंच वाटते म्हणून थेट शॉकॲब्सॉर्बर बदलून घेण्यापूर्वी आपल्याला नेमके किती मिलिमीटर कमी हवे आहेत, हे मोजून घ्यावे. कंपन्यांच्या माहितीपत्रकात सीटची उंची दिलेली असते. स्प्लेंडर प्लसची ७८५, मेटिऑर ३५० ची ७६५, क्लासिक ३५० ची ८०५ आणि हिमालयन ४५० ची खालच्या जागी बसवलेली सीट धरून ८२५ मिमी. पण हा आकडा अपुरा आहे. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपर्यंत कमी पोहोचतात, म्हणून अरुंद सीटची थोडी उंच गाडीही कधीकधी अधिक सोयीची ठरते.

मोजण्यासाठी नेहमी वापरायचे बूट घालावेत, सपाट जागी गाडी कोणाला तरी सरळ धरायला सांगून तिच्यावर बसावे आणि टाचेखालची फट मोजून घ्यावी. दोन्ही तळवे पूर्ण टेकायलाच हवेत असा आग्रह माझ्या मते चुकीचा आहे. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकत असतील, किंवा एक पाय पूर्ण टेकत असेल, तर गाडी सांभाळता येते. मात्र ही परीक्षा उतारावरही घ्यावी. इंदूरमध्ये राजवाड्याच्या गर्दीत रस्ता निदान सपाट असतो. पण महूहून जाम गेटमार्गे महेश्वरला उतरताना वळणावर थांबावे लागले, तर एका बाजूची जमीन पायाखालून खाली जाते आणि तेथेच कमी उंचीच्या चालकाची गाडी कलंडते.

बहुतेकांची गरज २० ते २५ मिलिमीटरची असते, आणि ती पुष्कळदा सस्पेन्शनला हात न लावता भागते. आधी जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट घ्यावेत. त्यानंतर मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीपासून दिलेला दाब, पाहावा. कमी उंचीचा चालक अनेकदा वजनानेही हलका असतो, त्यामुळे त्याच्या खाली स्प्रिंग कमी दबते आणि गाडी उंचच राहते. प्रीलोड एक-दोन खाचा कमी केल्यास गाडी थोडी खाली बसते. मागे प्रवासी घेऊन गतिरोधकावर गाडी तळाला आपटू लागली, तर तो पुन्हा वाढवावा.

सीट हा खरा उपाय आहे, आणि त्यावर घाई करू नये. गादीचे काम करणाऱ्या कारागिराला केवळ वरून फोम कापायला न सांगता, पुढच्या अर्ध्या भागाच्या दोन्ही कडा निमुळत्या करायला सांगावे. यामुळे पाय सरळ खाली येतात आणि वरचा फोम फारसा न गमावता पोहोच वाढते. वरचा फोम १५ ते २० मिमीपेक्षा अधिक काढू नये. तो फार पातळ झाला तर इंदूर ते महेश्वरच्या सुमारे ९० किलोमीटरच्या वाटेत सीटचा कडक तळ टोचू लागतो. मूळ कव्हर आणि कापलेला फोम जपून ठेवावा. शक्य झाल्यास जुनी दुसरी सीट घेऊन तिच्यावरच काम करावे.

एवढ्यानेही भागले नाही, तरच सस्पेन्शनकडे वळावे. मागच्या चाकाला दोन शॉकॲब्सॉर्बर असतील तर थोडे आखूड, त्याच वजनाला साजेसे शॉकॲब्सॉर्बर बसवतात. एकच शॉकॲब्सॉर्बर असून त्याला लिंकेज, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणारी पट्ट्यांची जोडणी, असेल तर लांब लिंक (पट्टी) बसवतात, आणि येथे काही मिलिमीटरच्या फरकाने गाडी बरीच खाली येते. धोका असा की लिंक बदलल्याने शॉकॲब्सॉर्बर दबण्याची क्षमता तेवढीच राहते, पण चाक मडगार्डच्या जवळ येते. म्हणून पूर्ण दबलेल्या स्थितीत टायर आणि मडगार्ड यांमध्ये अंतर उरते का, हे मेकॅनिकने प्रत्यक्ष तपासलेच पाहिजे.

मागचा भाग खाली आणला की पुढचाही त्याच मापाने खाली आला पाहिजे. फक्त मागे उतरवली तर हँडल जड आणि आळशी होते व हेडलाइट वर जातो. फक्त पुढे उतरवली तर हँडल अतिचपळ होऊन वेगात अस्थिर वाटते. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, नळ्या टीच्या क्लॅम्पमधून (हँडलखाली त्या पकडणाऱ्या पट्टीतून) वर सरकवतात. फोर्क तिरका असल्याने २५ मिमी सरकवल्यास पुढचा भाग सुमारे २२ ते २३ मिमीच खाली येतो. दोन्ही नळ्या मोजपट्टीने तंतोतंत सारख्या ठेवाव्यात, गाडीचा पुढचा भाग खालून आधार देऊन उचलून घेतल्याशिवाय क्लॅम्प सैल करू नयेत, आणि बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेतील टॉर्कनेच (कसण्याच्या ठरलेल्या जोरानेच) कसावेत. नंतर पुढचा ब्रेक दाबून फोर्क पूर्ण खाली दाबून पाहावा. मडगार्ड कशालाही घासता कामा नये.

साइड स्टँडकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. गाडी खाली आली की स्टँड लांब ठरतो, गाडी जवळपास उभी राहते आणि थोड्या धक्क्याने उजवीकडे पडते. दोन्ही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या ठेवून गाडी पूर्वीइतकी कलती होईपर्यंत त्या वाढवाव्यात. त्या फळ्यांची जाडी पाहिली की स्टँड साधारण किती कमी करायचा ते कळते. तो थोडा कमीच कापून, पुन्हा पाहून, जाणकाराकडून वेल्ड करून घ्यावा. डबल स्टँड असेल तर त्यावर गाडी चढवणे कठीण होईल, हे ध्यानात ठेवावे.

चेनची ढिलाई आता पुन्हा तपासावी. स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा दांडा, अधिक आडवा झाल्याने चेन पूर्वीपेक्षा ताणलेली असू शकते, म्हणून चालक बसलेला असताना ती सैल असल्याची खात्री करून घ्यावी. हेडलाइटचा झोत भिंतीवर पाहावा. वळणावर फूटरेस्ट लवकर घासेल आणि गतिरोधकावर खालचा भाग टेकेल, म्हणून सुरुवातीला सवय होईपर्यंत वेग कमी ठेवावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. त्यामुळे चेसिस कापणे किंवा वेल्ड करणे टाळावे आणि सस्पेन्शनमधील बदलाबाबत विमा कंपनीला लेखी विचारावे. काढलेले मूळ भाग नीट खुणा करून ठेवावेत, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर फोर्कचे, शॉकॲब्सॉर्बरचे व लिंकेजचे सर्व बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत.