ग्रीस, धागा, तार: एरर नाणी गोळा करताना या चुका टाळा

‘रुपयावरचा “भारत” पुसट आलाय, किती मिळतील?’ या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा ‘एक रुपया’ असंच असतं. पण ते कुणाला ऐकायचं नसतं. एरर नाणं म्हणजे टाकसाळीतच चुकून बिघडलेलं नाणं, म्हणून आधी ते बिघडतं कसं ते बघू. ते न समजता भिंग विकत घेण्यात अर्थ नाही.

टाकसाळीत कोरी चकती कॉलरच्या कड्यात, वरच्या आणि खालच्या डायच्या (नक्षी कोरलेल्या ठशांच्या) मध्ये बसते आणि एका ठोक्यात दोन्ही बाजू उमटतात. नाण्यावर जे अक्षर उंच दिसतं ते डायमध्ये खोल कोरलेलं असतं. त्या खोलगट जागेत वंगणाचं ग्रीस, धातूचा कीस आणि धूळ साचून घट्ट लगदा झाला की धातूला आत शिरायला जागा उरत नाही. मोदकाच्या साच्यात आधीचं पीठ चिकटून राहिलं तर पुढच्या मोदकाची कळी उमटत नाही, तसंच. याला फिल्ड डाय म्हणतात. दुसरा प्रकार स्ट्राइक थ्रू. चकती आणि डायच्या मध्ये धागा, चिंधी, तारेचा तुकडा किंवा धातूचा पापुद्रा येतो आणि त्याचा आकार नाण्यात खोल उमटतो. तिसरा प्रकार दुर्मीळ. डायमधला वाळका लगदा निसटून चकतीवर पडतो आणि तो ज्या अक्षरातून निघाला, ते अक्षर भलत्याच जागी खोलगट उमटतं. लगदा पडताना उलटला असेल तर अक्षरही उलटं दिसतं. याला ड्रॉप्ड फिलिंग म्हणतात.

नाण्यावर उंच गाठ किंवा रेघ असेल तर ती कचऱ्याची नव्हे. तिथे बहुतेकदा डायच चिरलेली किंवा तुटलेली असते. नव्वद टक्के वाद एवढ्या एका वाक्यात मिटायला हरकत नसावी, पण मिटत नाहीत.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ती म्हणजे एकच बाजू बघून नाणं घेणं. मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर एका नव्या संग्राहकाने पाच रुपयांचं जुनं जाड नाणं तीन हजारांना घेतलं. कॉपर-निकेलचं, 9 ग्रॅमचं. सिंहांच्या बाजूला तारेची सुबक, खोल, वळणदार खूण होती. विक्रेत्याने ‘टाकसाळीत तार अडकली होती’ असं सांगितलं आणि गिऱ्हाइकाने त्या तारेचे फोटो चारी बाजूंनी काढले. नाणं उलटून आकड्याची बाजू मात्र कुणी नीट पाहिली नाही. तिथे पाचाच्या आकड्यावर, नेमकं तारेच्या मागे, नक्षी चेपून गुळगुळीत झाली होती आणि चेपलेला भाग बाकीच्या नाण्यापेक्षा वेगळा चमकत होता. म्हणजे तयार नाण्यावर तार ठेवून ते बेंच व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात, दाबलं होतं. टाकसाळीत मागच्या बाजूला दुसरी डाय असते, त्यामुळे मागची नक्षी ठोक्यातच उमटते. व्हाइसमध्ये मागे सपाट जबडा असतो आणि तो आधीच उमटलेली नक्षी चेपतो. जबड्याच्या खाचा उमटू नयेत म्हणून काही जण मध्ये चामडं ठेवतात, तरी उंच भागाला मार बसतोच. असल्या कारागिरीला कॉपर-निकेल सोयीचं पडतं, कारण ते स्टीलपेक्षा मऊ असतं.

म्हणून सवय अशी लावा की खूण दिसली की नाणं लगेच उलटायचं आणि मागची तीच जागा 10 पट भिंगाखाली आधी बघायची. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि नाणं जवळ आणायचं. नवशिके भिंग नाण्यावर ठेवून वरून वाकतात आणि मग काहीच दिसत नाही म्हणतात. दिवा एकच हवा, बाजूने आणि खालच्या कोनात. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात खळगा आणि डाग सारखेच दिसतात. मग खुणेच्या कडा बघा. ओरखड्यात धातू बाजूला सरकतो आणि कडेला बारीक वरंबा उठतो, जो नखाला लागतो. स्ट्राइक थ्रूच्या कडेला असा वरंबा नसतो. तळाशी कापडाची वीण किंवा धाग्याचा पीळ दिसला तर फारच छान.

दुसरी लाडकी चूक खास मुंबईकरांची आहे. मुंबई टाकसाळीची खूण म्हणजे सालाखालचा छोटा हिरा. हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. हिरा ग्रीसने भरला की नाणं कोलकात्यासारखं दिसतं. याचाच उलटा फायदा घेऊन कोलकात्याचं साधं नाणं ‘हिरा गायब, मुंबई एरर’ म्हणून खपवलं जातं. आणि घेणारे घेतात! सालाखाली जागा मोकळी आहे एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. नाणं तिरकं धरून दिवा फिरवा. ग्रीस भरलं असेल तर बहुतेकदा हिऱ्याची पुसट कड शिल्लक असते, किंवा शेजारचा सालाचा आकडाही मऊ, धूसर उमटलेला असतो. ग्रीस काही आखीव चौकटीत थांबत नाही. सगळं धारदार आहे, पार्श्वभूमीची चमक अखंड आहे आणि हिऱ्याचा मागमूस नाही, तर ते नाणं कोलकात्याचं समजायचं आणि पुढे जायचं. त्या जागी बारीक रेघा किंवा मंद डाग दिसला तर हिरा घासून काढलेला आहे. खात्रीचा पुरावा हवा असेल तर त्याच डायचं दुसरं नाणं शोधा, ज्यात हिरा अर्धा भरलेला आहे आणि डायवरची बारीक चीर किंवा रेघ नेमकी त्याच जागी आहे. याला महिने लागतात. ज्यांना संध्याकाळपर्यंत निकाल हवा असतो, त्यांच्यासाठी हा छंद नाही. वापरात झिजलेला हिरा गोल दिसतो, त्याला नोएडा म्हणण्याची घाईही नको.

बाकीच्या चुकांना फार शब्द लागत नाहीत. झीज आणि ग्रीस यांत गल्लत करू नका. झीज सर्वांत उंच भागावर आणि सगळीकडे असते, तर ग्रीस एका कोपऱ्यात असतं आणि शेजारचं अक्षर खणखणीत उठलेलं असतं. पापुद्रा सुटलेलं नाणं म्हणजे स्ट्राइक थ्रू नव्हे. तिथे कडा फाटक्या असतात आणि पापुद्रा मोठा असेल तर वजन घटतं. वजन 0.01 ग्रॅमच्या काट्यावर जरूर करा. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅम आणि दोन रुपये 4.85 ग्रॅमचे. पण अक्षर नाही म्हणून वजन कमी भरेल ही अपेक्षा चुकीची. धातू तेवढाच असतो, फक्त वर उठलेला नसतो. कुणी एखादं अक्षर घासून काढलं तरी फरक इतका किरकोळ पडतो की काटा सांगणार नाही. ते काम भिंगाचंच.

धुऊ नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी, काही नको. खुणेत अजून धागा किंवा धातूचा कण अडकलेला असेल तर नाण्याची किंमत त्यातच असते, आणि लोक नेमका तोच पिनेने उकरून काढतात. एकदा काढला की संपलं, परत बसवता येत नाही. चिकट प्लास्टिकचा थर धुवायचाच असेल तर शुद्ध ॲसिटोन वापरा, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, कारण त्यात तेल आणि सुगंध असतो. आत काही अडकलं असेल तर ॲसिटोनसुद्धा नको.

मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत मुंबईच्या पावसाळ्यात कॉपर-निकेलवर हिरवट चिकटा चढतो. पॉलिएस्टरच्या पडद्याची पुठ्ठ्याची होल्डर घ्या, स्टेपल पिना पक्कडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर तुमच्याच हातची ‘एरर’ तयार होईल. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की बदला. खाऱ्या हवेत स्टीलच्या नाण्यावरही गंजाचे ठिपके येतात. होल्डरवर साल, टाकसाळ, वजन आणि खूण कोणत्या बाजूला, घड्याळाच्या कितीव्या आकड्याशी आहे ते लिहा. ‘रेअर’ लिहू नका.

विकण्याचं म्हणाल, तर एखादं अक्षर पुसट असलेल्या स्टीलच्या नाण्याला कुणी विचारत नाही. मागणी असते ती ठळक, कोरीव आणि खात्रीच्या खुणेला, त्यातही अडकलेली वस्तू जागेवर असेल तर. फोनवर लाखाचा भाव सांगून आधी कमिशन, कर किंवा नोंदणीचे पैसे मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क घेत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तरीही त्याच बँकेच्या नावाने फोन येतात. पलीकडच्याने खाते क्रमांक मागितला की फोन ठेवायचा आणि नंबर ब्लॉक करायचा.