गणपतीच्या कारखान्यात माती वाळवायला इंधनावरचा हीटर कसा निवडावा

आषाढ लागला की लालबाग-परळपासून पेणपर्यंतच्या कारखान्यांत एकच प्रश्न फिरू लागतो: माती वाळत नाही, हीटर कुठला घेऊ? मग कोणीतरी मोबाईलवर शोधतो, आणि सापडतो तो बर्फ पडणाऱ्या गावांतल्या गॅरेजसाठी लिहिलेला सल्ला. जागा इतके चौरस फूट, म्हणून ब्लोअर इतक्या किलोवॅटचा, संपला विषय. तिकडच्या थंड हवेत मुळात वाफच कमी असते आणि हीटर घेतात तो माणसाला ऊब मिळावी म्हणून. मुंबईत जुलैमध्ये बाहेर २८ अंश तापमान असतं आणि आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याला ऊब नको आहे, मातीतलं पाणी कारखान्याबाहेर घालवायचं आहे. हे दोन वेगळे उद्योग आहेत आणि त्यांना लागणारी यंत्रंही वेगळी.

२०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीला मनाई केली, तेव्हापासून बरेच जण शाडूकडे वळले. पीओपी काही मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे त्यात तयार झालेल्या हातांना वाळवणीची फारशी सवय नसते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. २०० ते ३०० चौरस फुटांचा गाळा किंवा पत्र्याची शेड आणि चार फुटांपर्यंतच्या शाडूच्या मूर्ती, एवढंच डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. मंडळांच्या मोठ्या मूर्तींचं गणित वेगळं.

आधी ठरवा, इंधन हवंच का

गाळा पक्का असेल, दारं-खिडक्या नीट बंद होत असतील आणि विजेचा भार पुरत असेल, तर इंधनाचा विचार सोडून द्या. डीह्युमिडिफायर घ्या. तो हवेतलं पाणी बादलीत आणून टाकतो आणि आपल्या उकाड्यात उत्तम चालतो. अगदीच लहान जागेला दोन किलोवॅटचा विजेचा हीटर आणि एक एक्झॉस्ट फॅन पुरतो. इंधन लागतं ते तात्पुरत्या शेडमध्ये, जिथे ताडपत्रीच्या फटींतून पावसाळी हवा आत येतच राहते आणि तात्पुरत्या मीटरवर दोन हॅलोजन लावले तरी एमसीबी पडतो. हॅलोजनवर माती वाळवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. मूर्तीची एक बाजू भाजते, दुसरी ओलीच राहते आणि तडा नेमका दोन्हींच्या सीमेवर जातो.

इंधन कुठलं

रॉकेल विसरा. मुंबईत ते नियमित मिळत नाही आणि त्याची काजळी रंगकामाचा घात करते. कोळशाची शेगडी बंद जागेत कधीच नाही. उरतात एलपीजी आणि डिझेल. एलपीजी घेणार असाल तर धंद्यासाठीचा १९ किलोचाच सिलिंडर. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर कारखान्यात वापरणं बेकायदा आहे.

जळणाऱ्या गॅसमधून पाणी निघतं

मला स्वतःला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे, आणि बहुतेक कारखाने आजही इथेच अडतात. म्हणून हे सावकाश वाचा.

एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. डिझेलचंही तसंच: एक लिटर जाळलं की जवळपास एक लिटर पाणी. ज्या हीटरची ज्योत थेट कारखान्याच्या हवेत जळते, त्याची ही सगळी वाफ तुमच्या मूर्तींभोवतीच राहते. बाजारात सर्रास मिळणारे तोफेच्या आकाराचे गॅस ब्लोअर आणि पोटात सिलिंडर ठेवायची सोय असलेले, जाळीवाले कॅबिनेट हीटर, दोन्ही याच जातीचे. फरशी पुसायला घ्यायची आणि नळ उघडा ठेवायचा, तसा हा प्रकार आहे.

आता आकडे बघा. २० बाय १५ फुटांचा, १२ फूट उंच गाळा म्हणजे साधारण १०० घनमीटर हवा. २८ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ९० टक्के असेल तर त्यातले २४ ग्रॅम आधीच भरलेले असतात. म्हणून माती वाळत नाही, पाण्याला जायला जागाच नसते. तीच हवा ३८ अंशांपर्यंत तापवली की ४६ ग्रॅम मावतात, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास येते आणि २२ ग्रॅमची जागा मोकळी होते. हीटरचा उपयोग एवढाच: हवेत जागा करून देणं.

आता याच गाळ्याची दारं लावून १५ किलोवॅटचा गॅस ब्लोअर चालवा. तो तासाला एक किलोहून थोडा जास्त गॅस जाळतो, म्हणजे जवळजवळ १.९ लिटर पाणी हवेत सोडतो. १०० घनमीटरला वाटलं तर प्रत्येक घनमीटरला १९ ग्रॅम. मूर्तींसाठी केलेली २२ ग्रॅमची जागा हीटरनेच तासाभरात भरून टाकली. अंगाला गरम लागतं, मूर्तीचा चेहरा तापलेला असतो, त्यामुळे काम होतंय असं वाटतं. मग ब्लोअर बंद होतो, रात्री पत्रा गार पडतो, ती सगळी वाफ पत्र्याला लागून थेंब धरते आणि खाली मूर्तींवर ठिबकते. सकाळी शाडू कालच्यापेक्षा ओला असतो. कारागीर म्हणतात छत गळतंय आणि वर चढून डांबर लावतात. छत गळत नसतं, सिलिंडर गळत असतो. गॅस नव्हे, पाणी.

यातून दोन वाटा निघतात.

पहिली, आणि माझ्या मते खरी: धुराडं असलेला हीटर घ्या. यात ज्योत एका बंद धातूच्या खोक्यात जळते, धूर आणि वाफ पाइपने बाहेर जाते आणि पंखा फक्त त्या खोक्याच्या तापलेल्या पत्र्यावरून हवा फिरवतो. कारखान्यात येते ती नुसती उष्णता. ट्रकच्या केबिनसाठी बनवलेले लहान डिझेल हीटर याच पद्धतीचे असतात. ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे तात्पुरत्या मीटरवर भार येत नाही. लेबलवर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवू नका, तासाला डिझेल किती लागतं ते विचारा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा किलोवॅट-तास उष्णता असते. तासाला अर्धा लिटर पिणारं यंत्र पाच किलोवॅटच्या वर उष्णता देऊच शकत नाही, लेबलवर आठ असो की दहा. धुराचा पाइप लालभडक नसला तरी प्रचंड तापतो, म्हणून तो ताडपत्रीतून थेट काढू नका. मधे पत्र्याचा चौकोन बसवा आणि त्यातून काढा. सांधे उष्णता सोसणाऱ्या पेस्टने बंद करा आणि पाइपचं तोंड बाहेर किंचित खाली झुकलेलं ठेवा, नाहीतर पाऊस आत शिरतो.

दुसरी वाट: धुराड्याशिवायचा गॅस हीटरच परवडत असेल तर तो छोटा घ्या आणि हवा सतत बाहेर फेका. पाच किलोवॅटचा हीटर तासाला सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम पाणी सोडतो. गाळ्याची हवा तासातून पाच वेळा बदलत असेल तर हे पाणी घनमीटरमागे सव्वा ग्रॅमच भरतं, तेवढं चालतं. १०० घनमीटरच्या गाळ्यासाठी याचा अर्थ तासाला ५०० घनमीटर हवा ओढणारा एक्झॉस्ट. फॅनच्या लेबलवर सीएमएच (म्हणजे तासाला घनमीटर) लिहिलेला आकडा बघून घ्या. फॅन वर, छताजवळ लावा, कारण गरम दमट हवा वर जाते. समोरच्या भिंतीला खाली, जमिनीलगत हवा आत यायला मोकळी खिडकी किंवा जाळी ठेवा. ही खालची वाट गॅससाठी दुहेरी गरजेची आहे, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साठतो.

“बाहेरची हवा इतकी दमट, ती आत का घ्यायची?” हे मला प्रत्येक जण विचारतो. बाहेरची हवा २४ ग्रॅम घेऊन आत येते, तापते, तिच्यात जागा होते, मातीतलं पाणी उचलून ती बाहेर जाते. बंद गाळ्यातली हवा एकदा भरली की पुढे काहीच उचलत नाही. दार बंद ठेवल्याने उष्णता वाचते, पण पाणीही आतच राहतं.

किती मोठा

तासाला ५०० घनमीटर हवा दहा अंशांनी तापवायला लागतात पावणेदोन किलोवॅटसुद्धा नाहीत. पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णता आणि मातीतलं पाणी उडवायला लागणारी उष्णता धरली तरी वर सांगितलेल्या गाळ्याला चार ते पाच किलोवॅट भरपूर होतात. नागदेवी स्ट्रीटवर दुकानदार तुम्हाला १५ आणि ३० किलोवॅटचे ब्लोअर दाखवतील. वाचलेले पैसे एक्झॉस्टवर घाला.

कार्बन मोनॉक्साइड

हंगामात कारागीर कारखान्यातच झोपतात. पेटलेला हीटर आणि झोपलेला माणूस एका छपराखाली कधीही नको, धुराडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं जाग्या माणसाला कळतात आणि तीही तो उपाशीपोटी काम केल्यामुळे आली असं समजतो. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही. दोघातिघांचं एकदम डोकं धरलं तर हीटर बंद करून सगळ्यांनी आधी बाहेर यायचं, चर्चा नंतर.

आकडा दाखवणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या आणि नाकाच्या उंचीवर लावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो जमिनीजवळ लागतो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. विक्रेता “दोन्ही एकच” म्हणाला तर दुकान बदला. ज्योत निळी हवी. पिवळी, फडफडणारी ज्योत म्हणजे अर्धवट जळण, त्या दिवशी हीटर चालवायचा नाही.

दुकानात काय तपासायचं

ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो का, हीटर कलंडला तर बंद होतो का, आणि धुराड्याशिवायचा असेल तर ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद होतो का. तिन्ही समोर करून दाखवायला सांगा. नळी आयएस ९५७३ छापलेली घ्या. रेग्युलेटर हीटरला लागणाऱ्या दाबाचाच हवा. ब्लोअरला घरचा रेग्युलेटर चालत नाही आणि कॅबिनेट हीटरला जास्त दाबाचा लावला तर ज्योत बाहेर येते. सिलिंडर उभा आणि शक्यतो शेडबाहेर. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

मूर्तीला कधी लावायचा

ओल्या शाडूला हीटर लावू नका. पृष्ठभाग आधी आकसतो, गाभा तसाच फुगलेला असतो आणि तडे जातात. बोटं, कान, सोंडेचं टोक हे बारीक भाग सगळ्यात आधी वाळतात, त्यांच्यावर पहिले काही दिवस ओलसर फडकं ठेवा. मूर्ती सगळीकडून चामड्यासारखी घट्ट झाली आणि गडद राखाडी रंग फिका पडू लागला की हीटर सुरू करा. झोत मूर्तीवर नाही, भिंतीवर. दिवसातून तीन-चार वेळा पाट फिरवा. पोकळ मूर्तीच्या तळाला भोक ठेवा, आतली वाफ तिथूनच निघते.

मूर्तीजवळ आर्द्रतामापक टांगा. हीटर आणि एक्झॉस्ट तासभर चालून आकडा साठच्या खाली आला नाही तर हीटर मोठा घ्यायच्या आधी हवा कुठे अडतेय ते शोधा. संध्याकाळी हीटर बंद केल्यावर एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवा, म्हणजे पत्र्याला थेंब धरायला वाफ उरत नाही.

वाळली की नाही हे रंगावरून ठरवू नका. मूर्तीच्या सगळ्यात जाड भागाएवढ्या जाडीची शाडूची एक वडी करून शेजारी ठेवा आणि रोज काट्यावर तोला. वजन लागोपाठ दोन दिवस तेवढंच भरलं की रंगकाम सुरू करा. त्याआधी लावलेला रंग विसर्जनाच्या आधीच पोपडे धरतो. पीओपीच्या मूर्ती त्याच जागेत असतील तर त्यांच्याजवळ पन्नास अंशांच्या वर जाऊ देऊ नका, प्लास्टर भुसभुशीत होतं.

स्प्रे गन आणि थिनर बाहेर निघाले की हीटर बंद, सिलिंडर शेडबाहेर. रंग पूर्ण सुकून वास जाईपर्यंत पुन्हा पेटवायचा नाही, डोळ्यांची आखणी कितीही खोळंबली तरी.

हंगाम संपल्यावर डिझेलची टाकी रिकामी करा, रेग्युलेटर काढून ठेवा. पुढच्या वर्षी पहिल्यांदा पेटवाल तेव्हा तासभर बाहेर मोकळ्यावर चालवा, आत बसलेली शाडूची धूळ तिथेच जळून जाऊ द्या.