पणजीचं घर १९५१च्या शिरगणतीत

भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिथे शंभर वर्षं उलटली की जनगणनेचे मूळ कागद लोकांना खुले करतात. १९२१ची गणना २०२२च्या जानेवारीत खुली झाली. त्याच्या शेजाऱ्याला आडनाव टाकताच पणजोबा सापडले, तेव्हा याचा मला फोन : "मावशी, आपलंही बघ ना असं!"

आपल्याकडे तसं बघता येत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. १८७२ साली पहिली खानेसुमारी झाली, १८८१पासून २०११पर्यंत ती दर दहा वर्षांनी होत राहिली, पण छापील अहवालांत माणसांची संख्या असते, नावं नसतात. घरोघरी भरून घेतलेली माहिती १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ने बंद आहे. तेव्हा १९०१ची किंवा १९३१ची यादी मिळेल म्हणून कचेऱ्या फिरू नका.

एक वाट मात्र आहे. १९५१च्या गणनेच्या वेळी गणकांनी भरलेल्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव 'राष्ट्रीय नागरिक नोंदवही' (एनआरसी) लिहून काढली गेली. आसामच्या बातम्यांतून हे नाव तुम्ही ऐकलं असेल, पण नोंदवही देशभर झाली होती. महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधताना २०२३पासून जी जुनी दप्तरं उघडली गेली, त्यांच्या यादीत हिचंही नाव आहे. तुमच्या तालुक्याची वही शिल्लक आहे का, ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारा. त्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या नोंदी चढवल्यात का तेही पाहा, एखादी खेप वाचेल.

जाण्याआधी घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाजवळ बसा. मी आत्याजवळ बसले. तीन गोष्टी हव्यात : गावाचं महसुली नाव (वाडीच्या नावाने दप्तर निघत नाही), खापरपणजोबांचं नाव, आणि शेजारच्या घरांतल्या दोन-तीन माणसांची नावं. आडनाव यात नाही, कारण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. माझं माहेर पाटणकर. पण हे नाव आजोबांना गिरणीच्या मस्टरवर मिळालं. पाटण तालुक्यातून आलेला म्हणून मुकादमाने लिहिलं, आणि पुढे मुलांच्या शाळेत तेच चढलं. गावाकडे आम्ही मोरे. मी दोन वर्षं पाटणकर शोधत होते.

म्हणून वहीला हात लावण्याआधी जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, काढा. त्यांना 'ड' पत्रक म्हणतात. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला, त्यामुळे तिथल्या गावांत बराच मागचा माल मिळतो. (मराठवाड्याचं दप्तर निजामाच्या राजवटीतलं, बरंचसं उर्दूत. तिथला फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, इसवीत आणायला ५९० मिळवा. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९.) आमच्या गावच्या फेरफारात १९३८ साली ही ओळ होती : "धोंडी बिन राघू मोरे मयत. वारस मुलगे तुकाराम व बाळू. बाळू अज्ञान, अ.पा.क. आई सखू." धोंडी माझे पणजोबा, तुकाराम आजोबा. 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'भ्र.' म्हणजे भ्रतार, बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव सांगणारं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा सांभाळ करणारा. या चार खुणा पाठ असल्या की निम्मं दप्तर वाचता येतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली क्वचितच येतात, तेव्हा नाव नाही म्हणून मुलगी नव्हतीच असं समजू नका.

जुनी पानं मोडी लिपीत असतील. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली लिहीत जातात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. 'धोंडीबिनराघू' अशी एकच माळ दिसते. पहिल्यांदा जाणकाराला बरोबर न्याच. मी नेलं नाही आणि 'राघू'चा 'रामू' वाचून सहा महिने भलत्याच घराण्यामागे लागले.

आता वही. आमचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. धरण व्हायच्या आधीची घरागणिक यादी फक्त या वहीत उरली आहे, म्हणून ती समोर आली तेव्हा माझा हात पानावर टेकेना. कडा भुगा होऊन पडत होत्या. नाकाला रुमाल लावा, बोट ओलं करून पान उलटू नका, आणि फोटोची परवानगी आधी घ्या. घर क्रमांक ३७ : "सखू भ्र. मयत धोंडी, वय ५०, शेती. बाळू धोंडी, वय १६. काशी बाळू, वय १४." आडनाव नाही. आजोबाही नाहीत, ते तेव्हा मुंबईत गिरणीवर होते, त्यांची गणना तिथे झाली असणार. कमावता पुरुष गावच्या यादीत नसला तर घाबरू नका, घरी राहिलेल्या बाईचं नाव धरा.

हीच सखू कशावरून? फेरफारात बाळू अज्ञान होता, इथे सोळाचा आहे, हे जुळतं. घर ३६ आणि ३८मधली माणसं आत्याने सांगितलेल्या भावकीचीच निघाली. एका खुणेवर विसंबू नका, तीन जुळू द्या. वय तेवढं सैल धरा. तीस, चाळीस, पन्नास असे गोल आकडे अंदाजाने सांगितलेले असतात, पाच वर्षं इकडेतिकडे चालतात. याच्याही मागे जायचं असेल तर त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळ्या पाहा. गाव सांगितलं की ते वही काढतात.

नक्कल घेऊन घरी आले. आत्या एक्याऐंशीची, तिला दिसत नाही म्हणून मीच वाचून दाखवलं.

"सखू?" ती म्हणाली. "आम्ही बयाच म्हणायचो. नाव कुणी सांगितलंच नाही कधी."

मग तिने घर ३८मधल्या गंगूचं पुढे काय झालं ते सांगायला सुरुवात केली, आणि मी नकलेच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून घेत गेले.