आर्टेमिसमधील ॲड्रेस-सेटिंग्ज : नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

अपाची ॲक्टिव्हएमक्यू आर्टेमिसचा ब्रोकर (प्रोग्रामांमधले मेसेज स्वीकारून पुढे पोहोचवणारा सर्व्हर) सांभाळायची जबाबदारी आली की बहुतेक नवखे आधी क्यू (मेसेजची रांग) तयार करायला घेतात. मी मात्र नव्या सहकाऱ्याला प्रथम ब्रोकर.एक्सएमएल ही कॉन्फिगरेशन फाइल उघडून त्यातील ॲड्रेस-सेटिंग्ज, म्हणजे मेसेज ज्या नावांवर पाठवले जातात त्या ॲड्रेसचे नियम, वाचायला सांगतो, कारण मेसेज कोणी घेतला नाही, किंवा घेऊनही त्यावरची प्रक्रिया फसली, तर पुढे त्याचे काय होणार हे तिथेच ठरते.

सर्वाधिक वेळ पुनर्वितरणाला, म्हणजे फसलेला मेसेज पुन्हा देण्याला, द्यावा. मॅक्स-डिलिव्हरी-अटेम्प्ट्सचे (कमाल प्रयत्नांचे) डीफॉल्ट मूल्य १० आणि रीडिलिव्हरी-डिलेचे (पुढच्या प्रयत्नापूर्वी थांबायच्या वेळेचे) ० असते. ही दोन्ही मूल्ये एकत्र वाचली तरच धोका लक्षात येतो : कन्झ्युमरचा (मेसेज घेणाऱ्या प्रोग्रामचा) डेटाबेस मिनिटभर जरी बंद पडला, तरी दहाही प्रयत्न बघता बघता संपतात आणि मेसेजमध्ये काही दोष नसताना तो डेड-लेटर-ॲड्रेसवर (फसलेले मेसेज बाजूला ठेवण्यासाठी नेमलेल्या ॲड्रेसवर) जातो, तो ॲड्रेस नेमलेलाच नसेल तर मेसेज कायमचा काढून टाकला जातो. डिले ५००० मिलिसेकंद आणि मल्टिप्लायर (दर वेळी डिले कितीपट करायचा तो आकडा) २ ठेवला, तर प्रयत्नांमध्ये ५, १०, २०, ४० सेकंद असे वाढते अंतर पडते. कमाल मर्यादा वेगळी दिली नसेल तर ती मूळ डिलेच्या दहापट, म्हणजे येथे ५० सेकंद असते.

ॲड्रेसची मेमरी-मर्यादा भरल्यावर काय करायचे हे ॲड्रेस-फुल-पॉलिसी सांगते. ‘पेज’ मेसेज डिस्कवर ठेवते, ‘ब्लॉक’ पाठवणाऱ्याला थांबवते, ‘फेल’ त्याला एरर देते आणि ‘ड्रॉप’ मेसेज गुपचूप टाकून देते. ज्या मेसेजचा हिशेब द्यावा लागतो, तिथे ‘ड्रॉप’ कधीही वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

क्यू आपोआप तयार होण्याची सोय विकासाच्या काळात उपयोगी असली, तरी प्रत्यक्ष वापरात मी ती बंद ठेवतो, कारण ॲड्रेसच्या नावात एक अक्षर चुकले तरी ब्रोकर तक्रार न करता नवी क्यू उघडू शकतो आणि मेसेज तिथेच साचत राहतात.

कोणती सेटिंग्ज कोणत्या ॲड्रेसना लागू होतात हे नावाच्या नमुन्यावरून ठरते : ‘ऑर्डर.#’ हा नमुना ‘ऑर्डर’खालील सर्व पातळ्यांना लागू होतो, तर ‘ऑर्डर.*’ केवळ पुढच्या एका शब्दाला. अधिक नेमक्या नमुन्यात जे लिहिलेले नसते ते व्यापक नमुन्यातून येते. म्हणून डेड-लेटर-ॲड्रेस ‘#’ या सर्वव्यापी नमुन्यावरच द्यावा, आणि कामाला लागण्यापूर्वी चाचणी ब्रोकरवर एक मेसेज मुद्दाम नाकारून तो तिथे पोहोचतो का, हे पाहावे.