किलोमागे एक रुपया: ऊसतोड मजुरांसाठी कॉलेजातून मोहीम कशी चालवायची

दिवाळी सरली की बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, रायबाग, अथणीच्या उसाच्या फडांत कोयते लागतात, आणि कॉलेजातली दोन-चार पोरं दरवर्षी माझ्याकडे येऊन विचारतात, "मॅडम, या मजुरांसाठी आपण साखरेवर बहिष्कार टाकूया का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: घरची साखर बंद करून काही होणार नाही. देशातली निम्म्याहून जास्त साखर घरात येतच नाही. शीतपेयं, बिस्किटं, चॉकलेट, मिठाई करणारे ती ट्रकांनी उचलतात. दबाव आणायचा तर तिथं आणायचा, आणि तोही मजूर सांगतील तेव्हा.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सुभाष जोशींनी बायकांची संघटना बांधली तेव्हाच्या गोष्टी ऐकत मी वाढले. आज कॉमर्स शिकवते, म्हणून पुढं हिशेब जरा जास्तच येईल. पण या कामात हिशेबच उपयोगी पडतो.

सुरुवात फडापासून करा, पोस्टरपासून नको. बीड-जतकडून आलेल्या टोळ्या असतील, विजयपूरच्या तांड्यांवरून आलेल्या असतील. पहाटे तोडणी चालू असताना मध्ये जाऊन उभं राहू नका, त्यांचं काम टनावर असतं. गाडी भरून गेली आणि दुसरीची वाट बघत माणसं बांधावर टेकली, तर ती वेळ बरी. मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, जवळ असला तर कुणी मोकळं बोलणार नाही, म्हणून मुलींनी बायकांशी वेगळं बोलावं. लमाणी तांड्यावरच्या म्हातारीला 'याडी' (आई) म्हणून हाक मारा, बोलणं लवकर सुरू होतं. विचारायचं एवढंच: उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) किती घेतली, कुणाकडून, कागद केला का, खाडा पडला (कामाचा दिवस बुडला) की किती कापतात, आजारपणात काय होतं, रात्री गाडी भरायला लावतात का, पोरं कुठं ठेवता. आणि शेवटी: तुम्हाला काय पाहिजे?

मोठी अडचण वजनाची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ती दिवसभर तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून फळीवरनं गाडीत चढवते. गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते, पण काटापावती ड्रायव्हरकडे नाहीतर मुकादमाकडे राहते. जिनं मोळी वाहिली तिला आपण किती टन तोडलं हे मार्चमध्ये मुकादमाच्या वहीतून कळतं, आणि तेव्हा उचल फिटलेली नसते. म्हणून तुमचं पहिलं खरं काम वहीचं. प्रत्येक कोयत्याला एक शंभर पानी वही द्या. तारीख, गाडी नंबर, टन, खाडा, दुकानाची उधारी, असे पाच रकाने पुरेत. काटापावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला टोळीतल्या एखाद्या पोराला शिकवा. बाकी मोहीम फसली तरी ही वही त्यांच्या हातात राहते.

आता रुपयाचा हिशेब. एक टन उसातून साधारण 100 ते 110 किलो साखर निघते. मोठ्या खरेदीदारानं किलोमागे एक रुपया जादा दिला आणि तो थेट तोडणाऱ्यापर्यंत पोचला, तर टनाला शंभरावर रुपये झाले. महाराष्ट्रात जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्के वाढून टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. त्यावर शंभर म्हणजे चौथाईपेक्षा जास्त वाढ. पाव लिटर गोड पेयात साधारण 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे बाटलीमागे अडीच पैसे. हा आकडा पोरांना पाठ असला पाहिजे. 'शोषण थांबवा' म्हणणाऱ्याला कंपनी गोड पत्र पाठवते. अडीच पैसे मागणाऱ्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या इमोकली गावाच्या टोमॅटो तोडणाऱ्यांनी 2001 मध्ये टाको बेल या हॉटेलसाखळीवर बहिष्कार पुकारला. त्यांची मागणी होती पौंडामागे एक सेंट जादा. तिथं 32 पौंडांच्या बादलीला 40-45 सेंट मिळत, त्यामुळे एका सेंटनं मजुरी दीडपटीच्या वर जात होती. त्यांच्या बाजूनं विद्यार्थी उभे राहिले. त्यांनी आपापल्या विद्यापीठाला सांगितलं, कॅम्पसमधलं हे दुकान हलवा, करार संपवा. वीसेक कॉलेजं आणि शाळांमध्ये ते जमलं, आणि मार्च 2005 मध्ये कंपनीनं मागणी मान्य केली. पुढं मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग आले, 2014 मध्ये वॉलमार्टही आलं. 2011 पासून चाललेल्या फेअर फूड प्रोग्रॅममध्ये नुसता सेंट नाही: वेठबिगारी किंवा लैंगिक अत्याचार सापडला आणि शेतमालकानं तो निस्तरला नाही, तर त्याचा माल सहभागी कंपन्या घेत नाहीत. तपासणी वेगळी संस्था करते, मजुरांसाठी 24 तासांची फोनलाइन असते. मला यातली क्रमवारी महत्त्वाची वाटते. मागणी मजुरांनी लिहिली, बहिष्कार मजुरांनी पुकारला, विद्यार्थ्यांनी आपल्या हातातली खरेदी त्यांच्यामागे उभी केली. उलट्या क्रमानं गेलात तर मजुरांच्या नावावर तुमचीच मिरवणूक निघेल.

तुमच्या हातातली खरेदी म्हणजे काय? कॅन्टीन, हॉस्टेलची मेस, गॅदरिंगचा प्रायोजक, कॅम्पसमधला शीतपेयांचा फ्रिज. मेसच्या कोठीत जाऊन साखरेचं पोतं बघा. 50 किलोच्या पोत्यावर कारखान्याचं नाव आणि हंगाम छापलेला असतो, त्याचा फोटो घ्या. बिस्किटाच्या पुड्यावरून मात्र साखर कुठल्या कारखान्याची हे कळत नाही, तिथं कंपनीलाच विचारावं लागतं. शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमानं दरवर्षी सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. तो वेबसाइटवर असतो. त्यात पुरवठादारांकडच्या मजुरांबद्दल काय लिहिलंय ते शोधा आणि तेच वाक्य पत्रात उतरवून विचारा: तुमची साखर कुठल्या कारखान्यांतून येते, आणि हे तिथल्या तोडणी मजुरांना लागू आहे का?

पत्र एका पानाचं, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. मागण्या तीनच: किलोमागे एक रुपया थेट कोयत्याच्या खात्यावर, काटापावतीची प्रत टोळीला, आणि तक्रार ऐकायला कारखान्याबाहेरचा माणूस. मजुरांनी वेगळं काही मागितलं तर त्यांचंच लिहा. कॅम्पसमध्ये वाटायचं पत्रकही मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत, एकाच कागदावर, सारख्या आकाराच्या अक्षरांत. आपल्याकडे कुठलाही प्रश्न भाषेच्या वादात ओढला जायला वेळ लागत नाही, आणि याडीला त्यातून काही मिळत नाही.

सगळ्यात अवघड बोलणी घरात होतील. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी ऊस आहे. वडील म्हणतील, टोळ्या उचल घेऊन पळतात, वर खुशाली, म्हणजे मजुरीशिवाय जादा पैसे, मागतात. ते खोटं नाही, ऐकून घ्या. मग बिल दाखवा: तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्याच दरातून वजा होते. मजुरी वाढवायची म्हटली की बोजा आपल्यावर येणार हीच त्यांची भीती असते, आणि आपली मागणी नेमकी त्याच्या उलट आहे: जादा रुपया वरच्या खरेदीदारानं द्यायचा. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक टनाला 3500 रुपये मागत बसले, तेव्हा कर्नाटक सरकारला 3300 जाहीर करावे लागले. त्या आंदोलनाचा मला अभिमान आहे. तशाच एका मागणीपत्रात तोडणाऱ्याची एक ओळ यावी, म्हणून गावातल्या शेतकरी संघटनेच्या लोकांना आधीच भेटा.

उत्तराला महिना द्या, मग स्मरणपत्र. तरी काही आलं नाही तर टोळीला विचारून ठराव करा: करार होईपर्यंत त्या कंपनीचा फ्रिज आणि प्रायोजकत्व कॅम्पसमध्ये नको. कॅन्टीनवाल्या मामांचं नुकसान होऊ देऊ नका, त्यांना ताक, कोकम, लिंबूसरबत विकायला मदत करा. गावातल्या कुंद्याच्या दुकानांवर तर बोटही उचलू नका.

एक गोष्ट मोहिमेसाठी थांबवू नका. उचल फिटली नाही म्हणून टोळीला कोंडून ठेवलंय, मारलंय, कुणाला ओलीस धरलंय असं कळलं, तर ते 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली येतं, आणि त्या कायद्यानं असं कर्जच रद्द होतं. त्याच दिवशी चिकोडीच्या असिस्टंट कमिशनरांकडे किंवा बेळगावात डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत वकील न्या. लहान पोरं कामाला लावलेली दिसली तर 1098. त्या माणसांची नावं, फोटो स्टेटसला टाकू नका. तुम्ही रविवारी घरी जाल, त्यांना सोमवारी त्याच मुकादमाच्या हाताखाली उभं राहायचंय.

मार्चमध्ये पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या, आत वह्यांची बेरीज टोळीसमोर मोठ्यानं वाचा, मुकादमाच्या वहीशी ताडून बघा, आणि फरकाचा आकडा दोघांच्या सहीनं कागदावर घ्या. प्रत्येक कोयत्याचा गावाकडचा फोन नंबर लिहून ठेवा. कंपनीचं उत्तर मे-जूनमध्ये आलं तर ते आधी त्यांना वाचून दाखवायचंय.