कोकणात नाताळ ते थर्टी फर्स्ट न पिता कसं काढायचं, आणि डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की कोकणात दोन प्रकारची गर्दी उतरते, एक टुरिस्टांची आणि दुसरी आपल्याच चाकरमान्यांची. दारू सोडलेल्या माणसाला पहिलीचा त्रास कमीच, तारकर्लीला नाहीतर अलिबागला काय तो धिंगाणा चालू दे, आपण तिकडे फिरकलो नाही की विषय संपला. दुसरी मात्र घरातच येते, गळ्यात पडते आणि दिवेलागण झाली की पडवीत खुर्च्या मांडून म्हणते, "चल रे, बसूया." खरी परीक्षा तिथे असते, त्यामुळे तयारीही तिथलीच करायची.

त्याआधी एक महत्त्वाचं. तुम्ही अजून रोज पिताय आणि यंदा बंदच करायचं ठरवलंय, सकाळी हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, असं असेल तर मनाने एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, ताप सुरू होऊन जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्या घेऊन सोडायची. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, किंवा आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन स्पष्ट सांगा, लाजू नका.

आता तयारी. कोण कधी येणार, कुठल्या संध्याकाळी जेवण, कुठे पोपटी (मडक्यात शेंगा-चिकन भाजायचा बेत), कुठे राखण (गावच्या राखणदार देवाला द्यायचा मान), हे चाकरमानी यायच्या आधीच कागदावर लिहून काढा आणि त्यातल्या कुठे जायचं, कुठे नाही हे तेव्हाच ठरवून टाका, कारण ऐनवेळी ठरवायला गेलात की भावकीच ठरवते. सोडून थोडेच महिने झाले असतील तर अर्ध्या ठिकाणी गेला नाहीत तरी चालतं, कोणी वाळीत टाकत नाही. घरातल्या एकाला, बायको, बहीण, मोठा मुलगा कोणीही, आधीच सांगून ठेवा की मी खूण केली की आपण निघायचं. आणि येणाऱ्या भावाला फोनवरच सांगा की गोव्याची बाटली आमच्या घरात ठेवायची नाही. वाईट वाटेल त्याला, वाटू दे.

नकार छोटा हवा. "माका नको रे, मी घेनय नाय," बास. पित्त झालंय, अँटिबायोटिक चालू आहे, गुरुवार आहे असली कारणं दिलीत की समोरचा वकिली सुरू करतो, गुरुवार असेल तर म्हणतो चल उद्या बसू. कारणच दिलं नाही तर वाद घालायला त्याच्या हातात काही राहत नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की उठून स्वयंपाकघरात जायचं, तिथे तसंही कोणीतरी मदतीला हवंच असतं.

बैठकीला जाणारच असाल तर पोटभर जेवून जा. पोहोचल्या पोहोचल्या हातात आपला ग्लास घ्या, कोकमाच्या आगळाचं पाणी, सोलकढी, शहाळं काहीही, भरलेल्या हातात दुसरा ग्लास सहसा कोणी देत नाही. ग्लास खाली ठेवून उठलात तर परत तोच उचलू नका, गंमत म्हणून कोल्ड्रिंकमध्ये ओतणारे महाभाग प्रत्येक वाडीत असतात. नीरेच्या बाबतीतही जपून, सकाळची नीरा ऊन चढेपर्यंत माडीच्या वाटेला लागलेली असते. पेग भरायचं काम कोणी सांगितलं तरी घ्यायचं नाही. उलट रायगडकडे पोपटी असेल तर मडकं लावायचं काम अंगावर घ्या, भांबुर्ड्याचा पाला गोळा करा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन थर लावून भरा, तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवा आणि भोवतीचा जाळ सांभाळत बसा. हात काळे, डोळ्यात धूर, आणि सगळ्यांना तुमची गरज, त्यामुळे चकण्याच्या ताटाकडे जायला वेळच मिळत नाही. मडकं उघडलं, खाल्लं की निघायचं. गाडी स्वतःची, चावी खिशात. पहिली बाटली संपून दुसरी उघडली की तिथे ऐकण्यासारखं काही उरत नाही, तेच किस्से परत येतात.

तळकोकणात राखणेची गोष्ट वेगळी. काही गावांत राखणदाराला दारू दाखवतात आणि मग ती प्रसाद म्हणून वाटतात, तिथे नको म्हणणं जड जातं. घरच्या मोठ्या माणसाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. माझ्या मते हात जोडून नमस्कार केला की मान राखला गेला, प्यायलाच पाहिजे असं देव म्हणत नाही, म्हणतात ते पिणारे.

तलफ आली तर? ती चढते, टिपेला जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ काढायचा. आधी बघायचं की भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, दमलोय का. होमस्टेवाल्यांनी आणि बोटीवर काम करणाऱ्यांनी हे जास्त बघावं, सीझनमध्ये रात्री बारापर्यंत राबायचं आणि वर गिऱ्हाईक प्रेमाने ग्लास पुढे करतं. दिवसातून दोनदा नीट जेवण आणि सहा-सात तास झोप, मग भले एक खोली कमी लागू दे. रात्र मोठी वाटत असेल तर जवळ कुठे जत्रेत दशावतार आहे का बघा, पुढे बसून चहा, खाजं, पहाटेपर्यंत करमणूक, फक्त मांडवाच्या मागच्या बाजूला जायचं नाही.

घरच्यांसाठी एकच. दारू सोडवायचं औषध गुपचूप आमटीत घालू नका. डायसल्फिरामसारख्या गोळीवर दारू पोटात गेली तर छाती धडधडते, बीपी कोसळतं, माणूस दगावूही शकतो. ती त्याला सांगून, डॉक्टरने दिली तरच.

आणि एक तारखेला सुटलो असं समजू नका. चाकरमानी तुतारी नाहीतर कोकणकन्या पकडून गेले की घर एकदम खायला उठतं, म्हातारे आई-वडील गप्प होतात, अंगणात फक्त खुर्च्या राहतात, आणि पाय टपरीकडे वळतात ते तेव्हा. त्या आठवड्यासाठी काम आधीच लावून ठेवा, आंब्याला मोहोर असतो, फवारणी असते, कुंपण असतं. ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग गावाजवळ नसेल तर मराठीत ऑनलाइन बसता येतं. मन फारच खाली गेलं, झोप उडाली, जगून काय करू असं यायला लागलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६.

समजा घेतलीच, तर "आता गेलंच आहे" म्हणून बाटली संपवायची नाही. बरेच महिने बंद असेल तर शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वीच्या मापाने प्यायलात तर ते जास्त चढतं आणि धोका वाढतो. गाडीला हात लावू नका, उरलेली मोरीत ओता, आणि ज्याला खूण करायचं ठरलं होतं त्याला त्याच रात्री सांगा.